बोरीचा सोटा

वानली सम्राटाच्या कारकिर्दीचं त्रेचाळिसावं वर्ष, पाचव्या महिन्याची चौथी तिथी. आपल्या हिशेबाने ३० मे १६१५. दिवेलागणीच्या सुमारास बीजिंगच्या राजवाड्यात एक अनोळखी माणूस शिरला. हातात बोरीच्या लाकडाचा सोटा. युवराजाच्या महालाच्या दारावर ली ज्येन नावाचा खोजा पहाऱ्याला होता. त्याने हटकताच या माणसाने सोटा चालवला, त्याला जागच्या जागी लोळवलं आणि थेट आतल्या दालनाच्या वळचणीपर्यंत मजल मारली. तिथे हान बनयोंग आणि इतर खोजांनी झडप घालून त्याला धरलं आणि पूर्वेकडच्या दोंगहुआ दरवाज्यावरच्या शिपायांच्या हवाली केलं.

युवराजाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तरीही या एका संध्याकाळपायी पुढच्या तीस वर्षांत अधिकारी बडतर्फ झाले, तुरुंगात मेले, एक सरकारी ग्रंथ छापला गेला आणि जाळलाही गेला. पकडलेल्या माणसाचं नाव झांग छाय. राजधानीच्या पूर्वेला असलेल्या जीझोउ भागातला हा साधा खेडूत. दारामागून दार आणि भिंतीमागून भिंत असलेल्या त्या वाड्यात, जिथे भल्याभल्या मंत्र्यांना आयुष्यभर पाऊल टाकता येत नसे, तिथे हा गडी युवराजाच्या उंबरठ्यापर्यंत पोचला कसा? तपासातला खरा प्रश्न एवढाच होता, आणि तो विचारायला राजधानीतले बहुतेक अधिकारी घाबरत होते. त्या भीतीचं कारण समजायचं तर तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागतं.

वानली सम्राट १५७२ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, गादीवर आला. पट्टराणीला मुलगा झाला नाही. आईच्या महालात गेला असताना तिथल्या वांग नावाच्या दासीशी त्याचा संबंध आला आणि ती गरोदर राहिली. सम्राटाने कानावर हात ठेवले. पण त्याच्या प्रत्येक दिवसाची नोंद ठेवणारी वही होती; राजमातेने ती त्याच्यापुढे ठेवली आणि त्याचा निरुपाय झाला. १५८२ मध्ये त्या दासीच्या पोटी पहिला राजपुत्र जन्मला, झू चांगलुओ. बापाने या मुलावर कधी माया केली नाही. हा दासीचा मुलगा, असं तो एकदा आईपुढे बोलून गेला, तेव्हा राजमातेने त्याला सुनावलं की तूही दासीचाच मुलगा आहेस. तीही एके काळी वाड्यातली दासीच होती. सम्राट खाली मान घालून उठला म्हणतात.

त्याचं सगळं मन झेंग राणीत गुंतलेलं होतं. १५८६ मध्ये तिला मुलगा झाला, झू चांगशुन, आणि लगेच तिला पट्टराणीच्या खालोखालचा मान मिळाला. थोरल्या राजपुत्राची आई मात्र होती तिथेच राहिली. दरबाराने यातून ओळखायचं ते ओळखलं. थोरल्याला युवराज करा, असे अर्जांमागून अर्ज पडू लागले. सम्राट आज-उद्या करत राहिला. पंधरा वर्षं हा वाद चालला. अर्ज करणाऱ्यांना फटके बसले, पदं गेली, दूरच्या प्रांतांत बदल्या झाल्या. पण कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेल्या या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने थोरल्याचा हक्क हा राज्याचा पाया होता आणि तिथे ते हटले नाहीत. अखेर १६०१ मध्ये चांगलुओ युवराज झाला. बापाने ते मनापासून कधीच स्वीकारलं नाही. वाद चालू असल्यापासूनच तो दरबारावर रुसून बसला होता: अधिकाऱ्यांना भेटणं बंद, रिकाम्या झालेल्या जागा भरणं बंद, अर्जांना उत्तरं देणं बंद.

धाकट्याला फूचा राजा ही पदवी आणि लुओयांग शहर मिळालं. त्याच्या लग्नावर तीन लाख लिआंग चांदी खर्च झाली आणि लुओयांगच्या वाड्यावर दोन लाख ऐंशी हजार; राजपुत्रांच्या वाड्यांसाठी ठरलेल्या खर्चाच्या दहापट. एवढं होऊनही तो राजधानी सोडेना. वाटणी घेतलेल्या राजपुत्राने आपल्या मुलखात जाऊन राहायचं हा मिंग घराण्याचा कडक रिवाज. हा १६१४ पर्यंत आईजवळच राहिला आणि जाताना वीस हजार छिंग जमिनीचा हक्क घेऊन गेला. एक छिंग म्हणजे साधारण पंधरा-सोळा एकर.

आणि थोरला? त्याच्या आईला वेगळ्या महालात कोंडल्यासारखं ठेवलं होतं. १६११ मध्ये ती मरणाला टेकली तेव्हा कुठे त्याला तिच्याकडे जायला मिळालं. दाराला कुलूप होतं, ते तोडून तो आत गेला. तिची दृष्टी गेलेली होती. तिने हाताने त्याचे कपडे चाचपले, मुलगा एवढा मोठा झाला, आता मरायला हरकत नाही, असं काहीसं म्हणाली आणि गेली. पुढे वाचताना हा मुलगा लक्षात ठेवावा. बापापुढे तो इतका दबून का वागला, ते त्याशिवाय कळत नाही.

लुओयांगचा राजपुत्र निघून जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं, तोच हा सोटेवाला आत शिरला. राजधानीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच नाव आलं असणार. ते कागदावर आणायला मात्र कोणी तयार नव्हतं.

पहिली चौकशी राजनगरीच्या गस्तीवरचा निरीक्षक ल्यू तिंगयुएन याने केली. त्याने अहवाल दिला की हा माणूस असंबद्ध बोलतो, उपास-पारण्याचं आणि बक्षिसी मागण्याचं काहीतरी पुटपुटतो. वेड्यासारखा दिसतो, पण चेहऱ्यावरून लबाड वाटतो. ही शेवटची पुस्ती महत्त्वाची होती. पुढे न्यायखात्याच्या अधिकाऱ्यांनी ती सोयीस्करपणे गाळली. हू शिश्यांग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी हकीगत तयार केली ती अशी: झांग छायचं जळाऊ लाकूड गावच्या दोघांनी पेटवून दिलं, त्या संतापात त्याचं डोकं फिरलं, दाद मागायला तो राजधानीत आला, वाटेत कुणीतरी थट्टेने सांगितलं की हातात सोटा घेऊन जा, म्हणजे तुझी तक्रार ऐकतील, आणि तो वाट चुकत वाड्यात शिरला. राजवाड्याच्या आवारात बाण, गोफणगोळे किंवा दगड-विटा मारून कुणाला जखमी केलं तर तत्काळ शिरच्छेद, असं कलम होतं. त्याखाली शिक्षा सुचवून प्रकरण मिटायला आलं होतं. वेडा मेला असता आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं.

इथे वांग झित्साय येतो. शान्शी प्रांताचा, १६०१ साली राजपरीक्षा उत्तीर्ण झालेला, न्यायखात्यातला मधल्या दर्जाचा अधिकारी. त्या महिन्यात तुरुंगाच्या देखरेखीचं काम त्याच्याकडे होतं. त्या कामाला मान नव्हता की अधिकार. कैद्यांना जेवण मिळतं की नाही ते पाहायचं, एवढंच. खटल्याशी त्याचा संबंध नव्हता. पण ६ जूनला भात वाटत वाटत तो शेवटी झांग छायच्या कोठडीशी आला, आणि त्याला दिसला तो तरणाबांड, धडधाकट माणूस. नजरेत वेडाची खूण नाही. त्याने विचारपूस सुरू केली. कैदी आधी म्हणाला, दाद मागायला आलो होतो. मग म्हणाला, मारून टाका, आता काय उपयोग. वांगने भाताचा वाडगा त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, खरं बोललास तर जेवशील, नाही बोललास तर उपाशी मरशील. कैदी बराच वेळ भाताकडे पाहत राहिला, मग मान खाली घालून म्हणाला की बोलायची छाती होत नाही. वांगने बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दोन कारकुनांना ठेवून घेतलं.

मग जे बाहेर आलं ते एका खेडुताच्या तोंडून येतं तसं, नात्यांच्या नावांनी आणि अर्धवट खुणांनी आलं. लहानपणापासून मला झांगचा पाचवा म्हणतात. बाप मेला. मामाने आणि दुसऱ्या एका नातेवाइकाने सांगितलं की या म्हाताऱ्या खोजाबरोबर जा, काम झालं की जमीन मिळेल. खोजाचं नाव मला ठाऊक नाही. वाटेत एक मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी राजधानीत आलो. कुठल्याशा रस्त्यावरच्या मोठ्या घरात नेलं. तिथे आणखी एका म्हाताऱ्या खोजाने जेवू घातलं आणि बजावलं की आत घुस, समोर येईल त्याला मार, मेला तर आम्ही तुला सोडवू. हातात सोटा दिला आणि उत्तरेच्या दरवाज्याने वाड्याच्या दारापर्यंत आणून सोडलं. पुढे खोजे फार जमले म्हणून सापडलो. छोट्या मालकांचं नशीब थोर.

छोटे मालक म्हणजे युवराज.

भुकेल्याला भात दाखवून घेतलेला जबाब हा काही निर्मळ पुरावा नव्हे. वांगबद्दल मला कितीही आदर वाटला तरी ती पद्धत मला खटकते. उपाशी माणूस भातासाठी काय वाटेल ते बोलेल. पण या जबाबाचं वजन त्यातल्या तपासून घेता येतील अशा गोष्टींमुळे आहे: मुक्कामाचं ठिकाण, घर, दरवाजा, दोन नातेवाईक, दोन खोजे. कल्पनेने रचलेल्या गोष्टीत बडी नावं येतात. इथे एकही बडं नाव नाही, आणि ज्यांची नावं हवीत त्यांचीच नावं कैद्याला ठाऊक नाहीत. वांगने हे सगळं वरिष्ठांमार्फत सम्राटाला कळवलं. हा माणूस वेडाही नाही आणि भ्रमिष्टही नाही, त्याच्यात हिंमत आहे आणि हेतूही. त्याला बेड्या घालून भर दरबारात उभा करा आणि सगळ्या खात्यांनी मिळून त्याची चौकशी करा, अशी त्याची मागणी होती.

सम्राटाकडून उत्तर आलं नाही.

दरम्यान जीझोउच्या अधिकाऱ्याकडे चौकशीचं पत्र गेलं होतं. त्याचं उत्तर आलं आणि वेडाची बाजू घेणाऱ्यांना हायसं वाटलं. त्याने कळवलं की झेंग राणीने त्या भागात एक बौद्ध मंदिर बांधायला खोजे पाठवले आहेत, विटांसाठी त्यांनी भट्ट्या लावल्या आहेत आणि भट्ट्यांना जळण विकून गावकरी पैसे कमावतात. झांग छायने जमीन विकून लाकडाचा धंदा सुरू केला. जळफळलेल्या गावकऱ्यांनी त्याचं लाकूड पेटवलं. तो खोजांकडे तक्रार घेऊन गेला, तिथे त्यालाच दम मिळाला, आणि त्याचं डोकं फिरलं.

मला वाटतं, सबंध प्रकरणातला सर्वांत बोलका कागद हाच आहे. तो वेड सिद्ध करण्यासाठी पुढे केला गेला, पण त्याने दुसरंच सिद्ध केलं. झांग छायचा आणि झेंग राणीच्या खोजांचा संबंध होता, एकाच भट्टीवर होता, आणि हे सांगणारा माणूस वांग झित्सायच्या बाजूचा नव्हता. वेडाची कहाणी धरा किंवा कटाची धरा, दोन्ही वाटा त्या मंदिराच्या भट्टीपाशीच येतात.

त्यानंतरच्या चौकशीत लू मेंगलोंग नावाच्या अधिकाऱ्याने धीटपणा दाखवला. बाकीचे गप्प बसलेले पाहून त्याने मेजावर हात आपटला, कैद्याला कागद आणि कुंचला दिला आणि वाट काढून दाखवायला सांगितलं. झांग छायने ती काढली. ही वाट तुला कशी ठाऊक, असं विचारल्यावर तो म्हणाला की मी जीझोउचा माणूस, वाटाड्या नसता तर आलो असतो का. वाटाड्या कोण? पांग आणि ल्यू हे दोन खोजे; त्यांनी मला तीन वर्षं पोसलं. कशासाठी? छोट्या मालकांना मारण्यासाठी. हे शब्द कानावर पडताच हू शिश्यांग आसन मागे सारून उठला आणि म्हणाला की आता पुढे विचारता येणार नाही. त्या दिवशीची चौकशी तिथेच संपली.

पण शब्द आता कागदावर येणारच होते. १६ जूनला न्यायखात्याच्या अठरा अधिकाऱ्यांनी एकत्र बसून पुन्हा जबाब घेतला. मामा म्हणजे मा सानदाओ आणि दुसरा नातेवाईक म्हणजे ली शौत्साय, दोघेही झांग छायच्याच गावचे. नाव न कळलेला म्हातारा खोजा म्हणजे मंदिराचं बांधकाम पाहणारा पांग बाओ. रस्ता न कळलेलं मोठं घर म्हणजे छाओयांग दरवाज्याबाहेरचं ल्यू छंग या खोजाचं घर. पांग बाओ आणि ल्यू छंग दोघेही झेंग राणीच्या महालातले नोकर.

आता राणीचं नाव घेण्याची गरजच उरली नव्हती. तिचा भाऊ झेंग ग्वोताय मात्र घाईघाईने आपल्या निर्दोषपणाचं पत्रक काढून मोकळा झाला. हे शीजिन नावाच्या दरबारी टीकाकाराने त्याला तिथेच पकडलं: तुमच्यावर तर कुणी आरोप केला नव्हता, मग एवढी घाई कशाची? त्याने पुढे म्हटलं की संशय नको असेल तर पांग आणि ल्यूला न्यायखात्याच्या हवाली करा, ते काय सांगतात ते सगळ्यांसमोर येऊ द्या. बिनतोड मागणी होती. ते दोन खोजे बोलले असते तर उत्तर मिळालं असतं, मग ते राणीच्या बाजूचं असो की विरुद्ध. म्हणूनच ती मान्य होणं शक्य नव्हतं.

राणी सम्राटापुढे रडली. सम्राटाने सांगितलं की हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही, तू स्वतः युवराजाकडे जा. तीस वर्षं त्या मुलाच्या आयुष्यावर सावली धरून राहिलेली बाई त्याच्यापुढे वाकली, त्यानेही उलट वाकून नमस्कार केला, आणि दोघंही रडली. युवराजाने प्रकरण लवकर मिटवायची विनंती केली. तो बत्तीस वर्षांचा होता, आणि बापाच्या मर्जीशिवाय त्याला दुसरा आधार नव्हता. त्याला भित्रा म्हणणारे इतिहासकार आहेत. मला ते पटत नाही. आंधळ्या आईच्या महालाचं कुलूप ज्याला स्वतः तोडावं लागलं, त्याला राजवाड्यात कशाची किंमत काय असते ते पुरतं ठाऊक होतं.

२३ जूनला जे घडलं त्यासाठी अधिकारी पंचवीस वर्षं थांबले होते, फक्त ते असं घडेल हे त्यांना वाटलं नव्हतं. वानली सम्राटाने त्यांना त्सनिंग महालात, आदल्या वर्षी वारलेल्या राजमातेच्या स्थानापाशी, बोलावलं. एवढ्या वर्षांनी दर्शन मिळालं तेही या प्रकरणासाठी. सम्राटाजवळ युवराज उभा होता, पायऱ्यांवर युवराजाचे तीन मुलगे आणि एक मुलगी ओळीने उभी होती. सम्राटाने युवराजाचा हात हातात घेतला. हा मुलगा फार आज्ञाधारक आहे, माझा त्याच्यावर फार जीव आहे. मनात दुसरं काही असतं तर याला मी केव्हाच बदललं नसतं का. फूचा राजा हजारो ली लांब आहे, तो काय उडत येईल? मग त्याने निकाल सांगितला: वेड्या झांग छायला आणि त्या दोन खोजांना मारा, दुसऱ्या कुणाला यात ओढू नका. त्याने युवराजालाही बोलायला लावलं. युवराज म्हणाला की असल्या वेड्याचा लवकर निकाल लावावा, आम्ही बापलेक कसे आहोत ते तुम्ही पाहताच आहात, बाहेर चर्चा करून मला अनादर करणारा पुत्र ठरवू नका.

मागच्या रांगेतून ल्यू ग्वांगफू नावाचा एक निरीक्षक मोठ्याने सम्राटाची माया आणि युवराजाची भक्ती वाखाणू लागला. ते शब्द सम्राटाला नीट ऐकू गेले नाहीत. कोणीतरी आडवं बोलतंय असं समजून तो भडकला आणि त्याला तिथल्या तिथे पकडून नेलं. ज्याने स्तुती केली त्याला बेड्या पडल्या. बाकीचे काय समजायचं ते समजले.

दुसऱ्याच दिवशी झांग छायला भर बाजारात तुकडे करून मारलं. आधी त्याला मारलं, यातच सगळं आलं. त्यानंतर पांग बाओ आणि ल्यू छंग यांना चौकशीला उभं केलं तेव्हा समोर साक्षीदारच नव्हता. आमची नावं वेगळीच आहेत, असंही त्यांनी सांगून पाहिलं आणि सगळं नाकारलं. युवराजाकडूनही निरोप आला की यांच्यावर कुणीतरी आकसाने आळ घेतला असावा. काही दिवसांनी दोघांनाही वाड्याच्या आत, न्यायखात्याच्या नजरेआड, मारून टाकलं. मा सानदाओ आणि ली शौत्साय यांना हद्दपारीची शिक्षा झाली. सोटा, भट्टी, घर, दरवाजा, सगळे दुवे एकमेकांना जोडले गेले होते. फक्त शेवटच्या दोन दुव्यांना बोलायला उसंत मिळाली नाही.

झेंग राणीने स्वतः हे करवलं का? पांग बाओ आणि ल्यू छंग यात होते, एवढं मी मानतो. राणीबद्दल तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. सोटा हे खुनाचं हत्यार म्हणून फारच ओबडधोबड, आणि संशय पहिल्याने कुणावर जाईल ते लहान पोरानेही सांगितलं असतं. तिला खूश करू पाहणाऱ्या नोकरांनी किंवा तिच्या भावाने आपल्या डोक्याने केलेला उद्योगही असू शकतो. युवराजाच्या बाजूनेच रचलेलं नाटक होतं, अशीही एक शंका पुढे काढली गेली. पण पांग आणि ल्यू राणीच्या महालातले होते, आणि त्यांना घाईने संपवण्यात कुणाचं हित होतं, हे पाहिलं की ती शंका टिकत नाही.

वांग झित्सायला किंमत मोजावी लागली. १६१७ मध्ये राजधानीतल्या अधिकाऱ्यांच्या कामाचा ठरावीक आढावा झाला, त्यात त्याचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीतून कायमचं खोडलं गेलं. हे शीजिनला दूर प्रांतात धाडलं.

१८ ऑगस्ट १६२० रोजी वानली वारला आणि युवराज सम्राट झाला. झेंग राणीने त्याच्याकडे सुंदर दासी पाठवल्या. काही दिवसांतच तो आजारी पडला. राजवाड्याच्या औषधशाळेचा प्रमुख असलेला त्सुई वनशेंग हा खोजा पूर्वी झेंग राणीच्याच महालात होता. त्याने जुलाबाचं औषध दिलं, आणि दिवसाला तीस-चाळीस वेळा पोट जाऊन सम्राट खंगला. मग ली कझुओ नावाच्या एका दुय्यम दरबारी अधिकाऱ्याने आपल्याजवळ लाल गोळी असल्याचं सांगितलं. पहिल्या गोळीने सम्राटाला बरं वाटलं. संध्याकाळी दुसरी दिली. २६ सप्टेंबरला पहाटेच तो गेला. पुरता एक महिनाही त्याने राज्य केलं नव्हतं. मुख्य मंत्री फांग त्सोंगझ याने गोळी देणाऱ्याला मृत सम्राटाच्या नावाने पन्नास लिआंग चांदीचं बक्षीस लिहिलं, यावरून गदारोळ उठला. खचलेल्या माणसाला आधी जुलाब आणि मग तेजाळ गोळ्या दिल्या तर तो मरायला विषाची गरज नसते, हे मला मान्य आहे. पण पाच वर्षांपूर्वीचा सोटा कुणीही विसरलं नव्हतं. झेंगच्या महालातल्या दोन नोकरांना बोलू दिलं नव्हतं आणि आता तिसरा तिच्याच महालातून आलेला. एका प्रश्नाला बंदी घातली की पुढचं प्रत्येक मरण संशयाचं होतं, ते असं.

नवा सम्राट चौदा वर्षांचा पोरगा. त्याला बापाच्या आवडत्या ली राणीच्या ताब्यातून बाहेर काढण्यासाठी यांग ल्येन, त्सुओ ग्वांगदोउ या अधिकाऱ्यांना मुख्य महालाच्या दारात अक्षरशः झटापट करावी लागली. या मंडळींच्या काळात वांग झित्सायला परत बोलावलं गेलं आणि तो न्यायखात्याच्या उपमंत्रिपदापर्यंत चढला. १६२२ मध्ये त्याने सोट्याचं आणि लाल गोळीचं प्रकरण एकत्र धरून न्यायाची मागणी करणारा अर्ज केला. त्याच वर्षी धर्मविधी खात्याच्या सुन शन्शिंगने फांग त्सोंगझवर सम्राटहत्येचा आरोप केला. ली कझुओ हद्दपार झाला, त्सुई वनशेंगला नानजिंगला पाठवलं.

इथे मला या मंडळींचीही चूक दिसते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खरं काय घडलं, हे शोधण्यापेक्षा कोण कुणाच्या गटातला हे ठरवण्यासाठी ही प्रकरणं वापरली जाऊ लागली. सोट्याबद्दल तुमचं मत काय, यावरून बढती ठरू लागली. आणि हत्यार एकदा तयार झालं की ते दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नाही. वेई झोंगश्येन हा खोजा पोरसवदा सम्राटाच्या मर्जीतून सर्वेसर्वा झाला. यांग ल्येनने त्याच्यावर चोवीस गुन्ह्यांचा आरोप ठेवला, त्याचा सूड म्हणून १६२५ मध्ये यांग आणि त्सुओ दोघांनाही तुरुंगात छळून मारलं. १६२६ मध्ये वेईच्या लोकांनी सोटा, गोळी आणि महालातली झटापट या तिन्ही प्रकरणांवर चोवीस खंडांचा सरकारी ग्रंथ काढला, ‘तीन राजवटींचा अधिकृत वृत्तांत’. त्यात झांग छाय पुन्हा वेडा ठरला, गोळी औषध ठरली आणि प्रश्न विचारणारे कारस्थानी ठरले. सोट्याच्या प्रकरणातला मुख्य गुन्हेगार म्हणून नाव होतं वांग झित्सायचं. त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आळ घेतला, तुरुंगात टाकलं, आणि तो तिथेच मेला. ज्या खात्याच्या कोठडीत त्याने भात वाटला होता, ते खातं त्याला वाचवू शकलं नाही.

१६२७ च्या अखेरीस, पोरसवदा सम्राटानंतर आलेल्या नव्या सम्राटाने वेईला हाकललं आणि त्याने गळफास घेतला. पुढच्या वर्षी नी युएनलूच्या विनंतीवरून तो ग्रंथ, त्याच्या छपाईच्या लाकडी फळ्यांसकट, जाळायचा हुकूम निघाला. वांगचं पद त्याला मरणोत्तर परत मिळालं. झेंग राणी १६३० मध्ये वारली. ज्या सम्राटाने तिच्यासाठी साऱ्या दरबाराशी वैर घेतलं, त्याच्या थडग्यात तिला जागा मिळाली नाही. १९५० च्या दशकात ते उघडलं तेव्हा आत तीन शवपेट्या होत्या: वानलीची, पट्टराणीची आणि युवराजाच्या आईची, नातवाने तिला सम्राज्ञीचा मान देऊन तिथे आणलेली. फूचा राजा १६४१ मध्ये लुओयांगच्या पाडावात बंडखोरांच्या हातून मारला गेला.

१६४४ मध्ये बीजिंग पडलं. उरलेल्या मिंग दरबाराने नानजिंगमध्ये जो सम्राट बसवला तो याच फूच्या राजाचा मुलगा, झेंग राणीचा नातू. मांचूंचं सैन्य दक्षिणेकडे येत होतं, यांगझोउ धोक्यात होतं, खजिना रिकामा होता. अशा वेळी त्या दरबारात यांग वेईयुएन नावाच्या अधिकाऱ्याने मागणी केली की जाळलेला तो ग्रंथ पुन्हा काढावा. सोटा, गोळी आणि महाल या तिन्ही प्रकरणांचा निकाल फिरवावा. त्यावर वाद झडला, बाजू घेतल्या गेल्या, जुनी वैरं उकरली गेली. १६४५ च्या जूनमध्ये मांचू नानजिंगच्या वेशीतून आत आले.